आर्डबेग 10: बाटली अर्ध्याखाली आल्यावर लिहिलेला अनुभव

धुराच्या सिंगल माल्टवर, म्हणजे एकाच डिस्टिलरीत माल्टपासून गाळलेल्या व्हिस्कीवर, लोक पहिल्या घोटातच निकाल देऊन मोकळे होतात. कुणाला दवाखान्याचा वास येतो, कुणाला डांबराचा, आणि बाटली कपाटात मागे सरकते ती कायमची. आर्डबेग 10 बद्दल लिहायला मी म्हणूनच काही महिने घेतले. बाटली आता अर्ध्याखाली आली आहे आणि माझं मत पक्कं झालंय. या व्हिस्कीचं नाव धुरामुळे झालं असलं, तरी तिची खरी थोरवी त्या धुराखालच्या हलकेपणात आहे.

आयला हे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगतचं बेट. त्याच्या दक्षिणेला पोर्ट एलन गाव सोडलं की एकाच रस्त्यावर आधी लाफ्रॉइग, मग लागवूलिन आणि शेवटी आर्डबेग अशा तीन डिस्टिलऱ्या ओळीनं लागतात. तिघींचं माल्ट, म्हणजे मोड आणलेली बार्ली, पीटच्या (दलदलीतल्या, जळणासाठी वापरल्या जाणाऱ्या मातीच्या) धुरात सुकवलेलं, तिघींच्या दाराशी समुद्र, आणि तरी तिघींच्या चवीत जमीन-अस्मानाचा फरक. आर्डबेग 10 बर्बनच्या, म्हणजे अमेरिकन व्हिस्कीच्या, पिंपांत किमान दहा वर्षं मुरते, 46 टक्के अल्कोहोलवर बाटलीत भरली जाते आणि तिचं चिल फिल्टरिंग, म्हणजे थंड करून गाळणं, होत नाही. रंग अगदी फिकट. रंगावरून व्हिस्की जोखणाऱ्याला ही पोरसवदा वाटेल.

बाटली फोडल्यावर पहिले काही दिवस ग्लासातून धुराशिवाय काही वर येईना. विझलेल्या शेकोटीची राख, डांबर, आयोडिन, आणि घोट गिळल्यावर घशापर्यंत काळी मिरी. मला हे आवडतंच, त्यामुळे तक्रार नव्हती. पण खरी गंमत नंतर सुरू झाली. बाटलीतली पातळी खांद्याखाली उतरली, आत हवा शिरली आणि धूर एक पाऊल मागे सरकला. मग आधी आली लिंबाची साल. रस नव्हे, ताजी साल नखानं खरवडल्यावर बोटांना लागतो तो तेलकट, किंचित कडवट वास. तिच्यामागून नासपती आणि व्हॅनिला. राखेच्या इतक्या जवळ इतकी स्वच्छ फळं आणखी कुठल्या व्हिस्कीत मला तरी सापडलेली नाहीत.

ही फळं येतात कुठून? आर्डबेगच्या दुसऱ्या ऊर्ध्वपातनाच्या भट्टीला, म्हणजे स्पिरिट स्टिलला, वरच्या नळीवर प्युरिफायर नावाचं एक साधं भांडं जोडलेलं आहे. वाफेतला जड, तेलकट भाग तिथे थंडावतो, द्रव होतो आणि परत स्टिलमध्ये उतरतो. हलकी वाफ तेवढी पुढे जाते. जडपणा असा वारंवार मागे पाठवला गेल्यामुळे इतक्या धुरातही फळांना जागा उरते. हे वाचल्यानंतर माझा पिण्याचा क्रमच बदलला. आता ग्लासातला धूर पाच-दहा मिनिटं तसाच उडू देतो आणि मग नाक खाली नेतो.

पीपीएमच्या (दहा लाखांत किती भाग, या) आकड्याबद्दलही बोलायला हवं, कारण पीटप्रेमींच्या गप्पा हटकून त्यावर येतात. आर्डबेगच्या माल्टमध्ये फेनॉल, म्हणजे धुराची चव देणारी रसायनं, साधारण 50 ते 55 पीपीएम, लाफ्रॉइगचं 40 ते 45, लागवूलिनचं 35 च्या आसपास. आयलावरच्याच ब्रूकलाडी डिस्टिलरीच्या ऑक्टोमोर 8.3 या व्हिस्कीत तर हा आकडा 309 वर गेला होता. पण हे माप सुकवलेल्या माल्टचं असतं, बाटलीतल्या व्हिस्कीचं नव्हे. माल्ट भिजवताना आणि ऊर्ध्वपातनात फेनॉल बरंच गळतं, पिंपात वर्षं जातील तसा धूर आणखी निवळतो. शिवाय फेनॉल ऊर्ध्वपातनाच्या उत्तरार्धात जास्त येतात, त्यामुळे चांगलं स्पिरिट, म्हणजे पिंपात जाणारी ताजी दारू, गोळा करणं नेमकं कधी थांबवायचं यावर धुराचा पोत ठरतो. आकडा पाहून बाटली निवडणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ निराशा टळेल.

पाण्याबाबत माझं मत या बाटलीनं बदललं. 46 टक्के म्हणजे काही न मिसळता प्यायला सोयीची, पाणी कशाला, असं वाटायचं. पण चमचाभर पाण्यानं वास उघडतो आणि धूर गोडावतो. 2017 मध्ये स्वीडनच्या लिनीयस विद्यापीठातल्या ब्योर्न कार्ल्सन आणि रान फ्रीडमन यांनी संगणकीय प्रारूपातून दाखवलं, की धुराच्या चवीतला एक महत्त्वाचा घटक असलेलं ग्वायकॉल अल्कोहोल कमी असताना द्रवाच्या पृष्ठभागाजवळ गोळा होतं. अल्कोहोल चढं असेल तर ते आत दडून राहतं. पाणी घातल्यावर ग्लासात हलकी धुरकट झाक येते, तिला घाबरू नये. चिल फिल्टरिंग न केल्याची ती खूण आहे. बर्फ मात्र नको. थंडीनं लिंबाची साल पार गायब होते आणि राख तेवढी उरते.

शेजारणींशी तुलना करायची तर लाफ्रॉइग 10 जास्त औषधी आहे, आयोडिन आणि समुद्रशेवाळ थेट अंगावर येतात. लागवूलिन 16 भारदस्त, गोडसर, संथ. रात्री उशिरा, बोलणं थांबल्यावर घ्यायची. आर्डबेग त्या दोघींपेक्षा चपळ आहे. जेवणाआधी एकच ग्लास घ्यायचा असेल तर माझा हात हिच्याकडेच जातो. तिचा शेवट लांब आणि कोरडा असतो, त्यात कडक कॉफी आणि राख रेंगाळत राहते. गोड शेवटाची सवय असलेल्यांना हा कोरडेपणा खटकू शकतो.

ही व्हिस्की आज सहज मिळते याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. डिस्टिलरी 1981 मध्ये बंद पडली, 1989 मध्ये जेमतेम सुरू झाली, 1996 मध्ये पुन्हा थांबली आणि 1997 मध्ये ग्लेनमोरांजी या स्कॉच कंपनीनं विकत घेतली तेव्हा कुठे तिची चूल कायमची पेटली. नव्या मालकांनी पुढे आपलं स्पिरिट वयात येताना लोकांना टप्प्याटप्प्यानं चाखवलं: व्हेरी यंग, स्टिल यंग, ऑलमोस्ट देअर, आणि 2008 मध्ये दहा वर्षांची रेनेसाँ. एक व्हिस्की मोठी होताना रसिकांनी घोटाघोटानं पाहिली. मला हे फार सुंदर वाटतं. आज आपण जी 10 पितो तिच्यामागे तो धीर आहे.

आता सांभाळण्याबद्दल. उघडल्यानंतरचे पहिले काही महिने चव चढत जाते, निदान माझ्या बाटलीत तरी तसंच झालं. अर्ध्याखाली आल्यावर मात्र मिरीची धार बोथट होऊ लागली, धूर पातळ झाला. व्हॅनिला पुढे आलं, तेही वाईट नाही, पण आर्डबेगचा ताठा कमी झाला. म्हणून उरलेली व्हिस्की मी काठोकाठ भरेल अशा छोट्या बाटलीत ओतून ठेवली, उभी आणि अंधारात. कॉर्कची बाटली आडवी ठेवू नये. इतकं अल्कोहोल कॉर्कला खातं.

पीटची अजिबात ओळख नसेल तर थेट इथून सुरुवात करू नका. आयलाचीच कावलीला 12 आधी घ्या, तिचा धूर मवाळ आहे आणि लिंबू तिच्यातही आहे. तो धूर आवडला तर आर्डबेग 10 डोळे झाकून घ्या आणि दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं चाखत राहा. माझी पुढची बाटली ठरली आहे: आर्डबेगचीच उगेडाल, 54.2 टक्के, बर्बनसोबत शेरीची (स्पॅनिश वाइनची) पिंपं. शेरीच्या गोडव्याखाली ती लिंबाची साल टिकते का, हे मला बघायचंय.