बियाफ्रा की दक्षिण सुदान : प्रबंधासाठी कोणते उदाहरण निवडावे?

तेलसंपन्न देशातील फुटीरतावादी चळवळ आणि महासत्तांची स्पर्धा या विषयावर पदव्युत्तर प्रबंध लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढे बहुधा दोन नावे येतात : नायजेरियातील बियाफ्रा आणि सुदानमधून वेगळा झालेला दक्षिण सुदान. पहिला प्रयत्न अडीच वर्षांच्या युद्धात मोडून काढला गेला, तर दुसऱ्यातून नवा देश उभा राहिला. निवड करताना मात्र यशापयशाआधी तेलाची समुद्राकडे जाणारी वाट कोणाच्या हाती होती हे पाहावे, असे माझे मत आहे.

1966 मधील दोन लष्करी बंडे आणि उत्तरेत झालेली इग्बोंची (पूर्व नायजेरियातील प्रमुख समाज) कत्तल यांनंतर पूर्व विभागाचे लष्करी गव्हर्नर ओजुक्वू यांनी 30 मे 1967 रोजी तो विभाग बियाफ्रा या नावाने स्वतंत्र झाल्याचे जाहीर केले. तीनच दिवस आधी नायजेरियाचे लष्करी शासक गोवॉन यांनी देशाची 12 राज्यांत फेररचना केली होती आणि तीत इग्बोबहुल राज्याला समुद्रकिनारा उरलाच नव्हता. शेल-बीपी या तेलकंपनीने स्वामित्वधन (रॉयल्टी) लागोसला, म्हणजे तिथल्या संघीय सरकारला, द्यावे की बियाफ्राला, यावर ब्रिटन काही काळ घुटमळले. पण जुलैमध्ये संघीय फौजांनी बॉनीचे तेलबंदर घेतले आणि लंडनचा कल स्पष्ट झाला. जूनपासून सुएझ कालवा बंद असल्याने नायजेरियाचे तेल ब्रिटनला अधिकच मोलाचे झाले होते. विशेष म्हणजे सोव्हिएत संघानेही संघीय सरकारलाच लढाऊ विमाने विकली, म्हणजे शीतयुद्धातील दोन विरोधी गोट इथे एकाच बाजूला होते. फ्रान्सने गॅबन आणि आयव्हरी कोस्टमार्गे बियाफ्राला शस्त्रे पोहोचवली, तरी मान्यता दिली नाही.

मे 1968 मध्ये पोर्ट हारकोर्ट पडले आणि बियाफ्राचा समुद्राशी संबंध तुटला. त्यानंतरचा मुख्य आधार म्हणजे उली येथे रस्ता रुंद करून केलेली धावपट्टी. विमान उतरताना काही क्षण दिवे लागत आणि लगेच पुन्हा अंधार होई. त्या अंधारात सुकवलेले मासे आणि औषधे उतरवली जात. मृतांचे अंदाज पाच लाखांपासून तीस लाखांपर्यंत जातात आणि त्यांतले बहुसंख्य उपासमारीचे बळी होते. उलीला तळटीपेत ढकलणारा प्रबंध मला अपुरा वाटेल.

दक्षिण सुदानमध्ये बाहेरच्यांच्या बाजू अनेकदा पालटल्या. दक्षिणेतील बेंटिऊ परिसरात शेव्हरॉन या अमेरिकी कंपनीला तेल सापडले, तेव्हा अमेरिका सुदानची राजधानी खार्टूम येथील अध्यक्ष निमेरी यांच्या राजवटीच्या पाठीशी होती आणि 1983 नंतर दक्षिणेतील बंडखोरांना आसरा देणारा इथिओपिया सोव्हिएत गोटात होता. 1997 मध्ये अमेरिकेनेच सुदानवर निर्बंध लादले, तोवर शेव्हरॉन निघून गेली होती आणि तिची जागा चिनी व मलेशियन सरकारी कंपन्यांनी घेण्यास सुरुवात केली होती. 1999 मध्ये उत्तरेतील पोर्ट सुदान बंदरापर्यंतची तेलवाहिनी सुरू झाली. 2003 मध्ये ओएनजीसी विदेश या भारतीय सरकारी कंपनीने तिथल्या तेलप्रकल्पातील कॅनडाच्या टॅलिस्मन कंपनीचा 25 टक्के हिस्सा घेतला. भारतीय विद्यार्थ्याने हा धागा सोडू नये.

खार्टूम आणि दक्षिणेतील बंडखोर यांच्यातील 2005 च्या शांतता करारानंतर जानेवारी 2011 मध्ये दक्षिणेत सार्वमत झाले. मतपत्रिकेवर एकीसाठी एकमेकांत गुंफलेले दोन हात आणि विभक्ततेसाठी एकच उघडा हात छापला होता. जवळपास 99 टक्के मतदारांनी एकट्या हातापुढे खूण केली. विभाजनात तेलउत्पादनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग दक्षिणेकडे आला, मात्र वाहिनी आणि बंदर उत्तरेकडेच राहिले. वाहतूक शुल्काच्या वादातून जानेवारी 2012 मध्ये जुबाने, म्हणजे दक्षिण सुदानच्या सरकारने, स्वतःचेच उत्पादन बंद केले, तेव्हा या रचनेतली मेख उघड झाली.

पहिलाच प्रबंध असेल तर मी बियाफ्रा सुचवेन. युद्धाला सुरुवात आणि शेवट आहे आणि ब्रिटिश सरकारची त्या काळातील कागदपत्रे आता अभ्यासकांना खुली असल्याने धोरण कसे ठरत गेले हे जवळून तपासता येते. चीन, भारत आणि अमेरिका यांच्या आजच्या ऊर्जाधोरणात रस असेल, तर दक्षिण सुदान घ्यावा, परंतु अभ्यास 2012 मध्ये सीमेवरील हेग्लिग तेलक्षेत्रावरून दोन्ही सुदानांत झालेल्या संघर्षापाशी थांबवावा. डिसेंबर 2013 पासूनचे दक्षिणेतील गृहयुद्ध हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे आणि दोन्ही एकत्र घेतल्यास तेलाचा धागा हातून सुटतो.