सव्वा लाख किलोमीटर पळालेली डिझेल गाडी घेतली, त्याचा अनुभव

२०१४ च्या पासिंगची डिझेल सेडान गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर घेतली. मीटर सव्वा लाखाच्या पुढे होता आणि किंमत साडेतीन लाखांच्या आत बसली. त्यानंतर पावसाळा, हिवाळा, उन्हाळा असे तिन्ही ऋतू गाडी वापरून झाली. आठवड्याला सातारा-पुणे-सातारा ठरलेलं, मधूनच वाई-पाचगणी आणि एकदा कोकण. जुनी डिझेल घ्यावी का, असं ओळखीतले बरेच जण विचारतात. त्यांच्यासाठी हे एकदा सविस्तर लिहितोय.

इंजिन १२४८ सीसीचं, मूळ फियाटचं मल्टिजेट. फियाट ते रांजणगावला बनवायची, मारुती परवान्यावर मानेसरला. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, व्हिस्टा, पुंटो, लिनिया अशा कितीतरी गाड्यांत हेच इंजिन होतं, म्हणून लोक त्याला 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायचे. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले तेव्हा मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या आणि नव्या गाड्यांतून हे इंजिन गेलं. पण रस्त्यावर अजून इतक्या गाड्या आहेत की तालुक्याच्या गावातल्या मिस्त्रीलाही ते पाठ आहे, आणि पार्टसाठी कुठे अडत नाही. जुनी गाडी घेताना मी या गोष्टीला फीचर्सपेक्षा जास्त वजन देतो.

ताकद ७५ पीएस, टॉर्क म्हणजे ओढण्याचा जोर १९० एनएम, तोही २००० आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या). त्याखाली गाडी मरगळलेली वाटते, टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबणारा पंखा) भरला की एकदम ओढते. पसरणी घाटात तिसऱ्यावर रेटत बसलो तर गाडी घुसमटते. वेळेवर दुसरा टाकला की एसी चालू ठेवून भरल्या गाडीत आरामात चढते. हायवेला लिटरमागे वीस-एकवीस मिळतात, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये पंधरा-सोळा. टायमिंगला बेल्टऐवजी चेन आहे, त्यामुळे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलायचा खर्च नाही. मात्र ऑईल वेळेवर बदललं नसेल तर हीच चेन सैल पडते आणि सकाळी पहिल्या स्टार्टला खळखळते.

आता मुख्य मुद्दा. जुनी डिझेल पाहताना लोक आधी मीटर बघतात. मला मीटरपेक्षा ती गाडी कशी पळाली हे जास्त महत्त्वाचं वाटतं. माझ्या गाडीचे आधीचे मालक नोकरीसाठी रोज हायवेने जायचे. एका सुरात, इंजिन पूर्ण गरम होऊन पळालेली गाडी. त्याच सुमारास पुण्यात जवळपास निम्म्या मीटरची, दिसायला चकाचक गाडी पाहिली होती. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर एवढाच तिचा वापर. रेस दिली की मागून काळा धूर, आणि रेस न देता नुसतं इंजिन चालू ठेवलं तरी आरपीएम वरखाली. ती सोडली.

असं का होतं? डिझेल इंजिनात ईजीआर नावाचा व्हॉल्व्ह असतो. सायलेन्सरकडे जाणारा थोडा धूर तो परत इंजिनात सोडतो, म्हणजे आतलं तापमान कमी राहतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. पण त्या धुरातली काजळी आणि इंजिनातून येणारी ऑईलची वाफ एकत्र झाली की इनटेकमध्ये डांबरासारखा थर बसतो. हायवेला हे सावकाश होतं, शहरातल्या छोट्या फेऱ्यांत झपाट्याने. व्हॉल्व्ह अर्धवट उघडा अडकला की पिकअप जातो, धूर वाढतो आणि चेक इंजिनची लाईट लागते.

माझ्याकडेही हे झालं. पावसाळ्यात पुण्यातच जास्त फिरणं झालं आणि लाईट लागली. गाडीतला बिघाडाचा कोड वाचणारा, मोबाईलला जोडायचा ओबीडी स्कॅनर हजाराच्या आसपास मिळतो, तो लावल्यावर पी ०४०१ हा कोड आला. म्हणजे ईजीआरमधून पुरेसा प्रवाह नाही. व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा पाईप) खोलून साफ केले, नवीन पॅकिंग टाकलं, गाडी पूर्ववत. काही जण व्हॉल्व्हला पत्रा लावून तो कायमचा बंद करून देतात. ते करू नका. गाडी हलकी वाटेल, पण प्रदूषण वाढतं आणि कंपनीने बसवलेली यंत्रणा आपण मोडलेली असते. वर्षा-दीड वर्षातून एकदा साफसफाई करणं कितीतरी बरं.

दुसरा बिघाड सांगतो, कारण त्यात पैसे वाचू शकतात. खंबाटकी चढताना अचानक गाडीचा जोर गेला. रेस दिली की 'फुस्स' असा आवाज आणि मागे काळा धूर. एका गॅरेजमध्ये सांगितलं, टर्बो गेला, बदलावा लागेल, तीस-पस्तीस हजार धरा. गाडी तशीच हळूहळू साताऱ्याला आणली. आमच्या मिस्त्रींनी बॉनेट उघडून टर्बोपासून इंटरकूलरकडे (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणाऱ्या रबरी पाईपवर हात फिरवला आणि म्हणाले, "दादा, टर्बो ठणठणीत हाय. पाईप चिरलाय खालनं." पाईपच्या खालच्या बाजूला बोटभर चीर होती आणि भोवती ऑईलचा ओलावा. टर्बोने दाबलेली हवा तिथूनच बाहेर जात होती. डिझेल तेवढंच, हवा कमी, म्हणून काळा धूर. पाईप आणि दोन क्लिप बदलल्या, दोन हजारांच्या आत काम झालं. स्कॅनरवर अशा वेळी पी ०२९९ येतो, म्हणजे टर्बोचा दाब कमी. पण दाब का कमी आहे हे कोड सांगत नाही. पाईप, क्लिपा, टर्बोची ॲक्च्युएटरकडे जाणारी बारीक नळी हे सगळं तपासल्याशिवाय टर्बो बदलायला होकार देऊ नका.

धुराचा रंग ओळखता आला की निम्मं निदान घरीच होतं. काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त: एअर फिल्टर, टर्बोचे पाईप, ईजीआर, इंजिनात डिझेल फवारणारे नॉझल. निळसर म्हणजे ऑईल जळतंय: टर्बोचे सील किंवा पिस्टनच्या रिंगा. थंड इंजिनाला थोडा वेळ पांढरा धूर आणि उशिरा स्टार्ट होणं, हे बहुतेक वेळा हिटर प्लगचं लक्षण. पण इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेड पॅकिंगचा संशय घ्यावा. तिथे खर्च मोठा आहे.

हिवाळ्यात दोन हिटर प्लग बदलले, किरकोळ काम. डिझेल फिल्टर मात्र घेतल्याबरोबर बदलला होता आणि तो सल्ला सगळ्यांना देईन. फिल्टरच्या तळाशी साचलेलं पाणी वेळच्या वेळी काढलं नाही तर ते पंप आणि नॉझलपर्यंत जातं. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नॉझलना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, हजार बारच्या वर दाब असतो, तिथले भाग इतके बारकाईने घासलेले असतात की पाणी आणि गंज त्यांना चालतच नाही. नवीन फिल्टर बसवल्यावर हातपंपाने डिझेल भरून घ्यायचं. कोरडाच स्टार्टर मारत बसायचं नाही. गाडी रात्रभर उभी राहून सकाळी उशिरा स्टार्ट होत असेल तर लाईन कुठेतरी एअर घेतेय का तेही बघावं.

नॉझलबद्दल एक तपासणी घेण्याआधीच करून घ्या, तिला मिस्त्री रिटर्न टेस्ट म्हणतात. चारही नॉझलच्या रिटर्नला चार छोट्या बाटल्या जोडायच्या आणि इंजिन काही मिनिटं चालू ठेवायचं. चारही बाटल्यांत डिझेल साधारण सारखं आलं तर ठीक. एकीत भसाभस भरलं तर तो नॉझल आतून गळतोय. विकणारा या टेस्टला नाही म्हणत असेल तर मी ती गाडी घेणार नाही. नॉझलच्या बुडाशी काळं, चिकट डांबर जमलेलं दिसलं आणि 'चफ-चफ' आवाज येत असेल तर तिथला तांब्याचा वायसर गेलाय. तो स्वस्तात बदलतो, पण तसंच चालवत राहिलं की नॉझल बसल्या जागी जाम होऊन काढायचं काम अवघड होतं.

गाडी बघायला सकाळी जा आणि आधी सांगून ठेवा की इंजिन थंड हवं. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जा. स्टार्ट कशी होते, चेन खळखळते का, पहिला धूर कसा येतो हे थंड इंजिनच सांगतं. गरम झाल्यावर ऑईलचं झाकण उघडून बघा. किंचित वाफ चालते, पण झाकणाला धक्का देत धूर येत असेल तर रिंगा थकल्यात. क्लचसाठी चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरला पूर्ण रेस द्या. आरपीएम चढला आणि गाडीचा वेग तसाच राहिला तर क्लच प्लेट संपलीय. डिझेलच्या टॉर्कमुळे हा खर्च कधी ना कधी येतोच, माझ्याकडेही तो येणार हे धरूनच भाव केला होता.

मीटर मागे फिरवलेला ओळखायचा तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून नोंदी मागवा आणि तारखांपुढचे आकडे जुळवा. पॅडलचे रबर, स्टिअरिंगची झिलई, ड्रायव्हर सीटची कड बघा. साठ हजारांचा मीटर आणि गुळगुळीत झालेला क्लच पॅडल यांचा मेळ बसत नाही.

बीएस-६ डिझेल बघणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. त्यांत सायलेन्सरच्या मार्गात डीपीएफ असतो, तो काजळी अडवतो आणि साधारण सहाशे अंशांच्या आसपास तापवून जाळून टाकतो. त्यासाठी सलग वेगात पळणं लागतं. रोज चार-पाच किलोमीटरच चालवली की हे जळणं अर्धवट राहतं, फिल्टर तुंबतो, आणि काही गाड्यांत जास्तीचं डिझेल ऑईलमध्ये उतरून ऑईलची पातळी वाढते. म्हणून बीएस-६ घेताना डिपस्टिकवर ऑईल खुणेच्या वर तर नाही ना, हे जरूर बघा. काही मॉडेलांत डीईएफ हे युरियाचं द्रावणही भरावं लागतं, त्याचा खर्च आणि मिळण्याची सोय विचारात घ्या.

ज्यांचं महिन्याचं फिरणं हजार किलोमीटरच्या आत आणि तेही गावातल्या गावात, त्यांनी डिझेल घेऊ नये. पेट्रोल शंभराच्या वर आणि डिझेल नव्वदीच्या आसपास धरलं तर मला किलोमीटरमागे दोन-सव्वादोन रुपये वाचतात. माझ्या फिरण्यात त्यातून वर्षाची दुरुस्ती निघून वर काही उरतं. कमी फिरणाऱ्याचं तेवढं वाचणार नाही, आणि ईजीआर-डीपीएफची कटकट मात्र जास्त होईल.

कागदपत्रांत घाई करू नका. 'वाहन' या सरकारी साईटवर नंबर टाकून हायपोथिकेशन, म्हणजे बँकेच्या कर्जाची नोंद, उतरलंय का बघा. कर्ज फिटलं तरी बँकेचं नाव आरसीवर राहिलेलं असतं आणि ते फॉर्म ३५ शिवाय निघत नाही. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या तरी आरसी नावावर होईपर्यंत पाठपुरावा करा. थकलेली ई-चलनं आधीच्या मालकाला भरायला लावा. विमा चौदा दिवसांत नावावर करून घ्यावा लागतो, आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात दिसतात. त्यांना तिकडची एनओसी (ना-हरकत दाखला), इथलं नवं पासिंग आणि इथला रोड टॅक्स लागतो; तो सगळा हिशेब केल्यावर मला त्यांत फायदा दिसला नाही. माझ्या गाडीचं रजिस्ट्रेशन २०२९ पर्यंत आहे. पुढे फिटनेस करून पाच वर्षांचं नूतनीकरण घेता येतं, आणि इंजिनाची आजची चाल बघता मी ते घेणार आहे.