उद्यमनगरच्या मेस्त्रींनी केलेला गिअरचा तुकडा

परदेशी स्पोर्ट्स कार आहे, हातानं गिअर टाकायची आहे आणि गिअरच्या दांड्यानं मान टाकलीय? कोल्हापुरात असाल तर मुंबईला फोन लावायच्या आधी शिवाजी उद्यमनगरात एक चक्कर मारा. मी ज्या वर्कशॉपबद्दल लिहितोय त्याला धड बोर्ड नाही. दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल आणि दारात ट्रॅक्टरच्या पार्टांचा ढीग. पाचपैकी साडेचार देतो. अर्धा का कापला ते पुढं येईलच.

माझी गुळाची अडत आहे. गाडी जर्मन, दोन सीटची, सेकंडहँड घेतलेली. कंपनीचं नाव लिहीत नाही, नाहीतर त्यावरच भांडणं सुरू होतील. इंजिन सीटच्या मागं आणि गिअरबॉक्स त्याच्याही मागं. म्हणजे दांडा हाताशी, बॉक्स पार मागच्या चाकांपाशी, आणि मध्ये दोन केबली. दांडा पुढं-मागं केला की एक केबल चालते, डावीउजवीकडं केला की दुसरी. आता दांडा आडवा हलतो आणि केबल उभी धावते, त्यामुळं ह्या दुसऱ्या केबलीला मध्ये काटकोनात वळवणारा एक तुकडा लागतो. त्याला बेलक्रँक म्हणतात. माझ्या गाडीत तो नायलॉनचा, बोटाएवढा. उन्हानं, इंजिनाच्या धगीनं वर्षानुवर्षं शेकून कडक झालेला तो तुकडा तवंदी घाटात कट्‌ करून मोडला.

दांडा वरणातल्या पळीसारखा फिरायला लागला. अशा वेळी बॉक्सातली स्प्रिंग गिअरला मधल्या रांगेत आणून ठेवते, म्हणून तिसरा आणि चौथा तेवढा पडत होता. पहिला नाही, दुसरा नाही, रिव्हर्सचं तर नावच नको. कोगनोळी टोलनाक्याच्या रांगेत दर वेळी तिसऱ्यावर गाडी उचलायची म्हणजे काय, ते क्लचच्या वासावरून मागच्या ट्रकवाल्यालासुद्धा कळलं असेल. यार्डात पोचल्यावर गाडी मागं घ्यायची होती, ती हमालांनी ढकलली. त्यातला एकजण म्हणाला, "मालक, ह्याच्यापेक्षा आपला टेंपो बरा." मी काय बोलणार!

मुंबईच्या एका गॅरेजला फोटो पाठवले. उत्तर आलं, तुकडा सुटा मिळत नाही, दोन्ही केबलींसकट अख्खा सेट मागवावा लागेल. दीड लाखाच्या आसपास, आणि कधी येईल ते विचारू नका.

मग पुतण्यानं दोन सीटांमधलं कन्सोल उघडलं (टोर्क्स स्क्रू आहेत, साध्या पान्या-पेचकसानं हात लावू नका), दांड्याचा सगळा सांगाडा बाहेर काढला आणि पिशवीत घालून आम्ही उद्यमनगर गाठलं. मेस्त्रींनी गाडीचं नाव ऐकलं, मान हलवली आणि विषय संपवला. दसऱ्याला दसरा चौकात कोल्हापूरच्या महाराजांची मेबॅक मोटार बघत मोठा झालेला माणूस, त्याला माझ्या गाडीचं काय कौतुक? त्यांना कौतुक त्या तुकड्याचं. मोडलेले दोन भाग फेव्हिक्विकनं जोडले, वाळेपर्यंत चहा मागवला, मग व्हर्नियर काढून पिनेच्या भोकापासून केबलीच्या गोळ्यापर्यंतचं अंतर पुन्हापुन्हा मापलं. कारण विचारलं तर म्हणाले, बेलक्रँकचा हात एक मिलिमीटर जरी लांब झाला तरी केबलीची ओढ बदलते, मग तिसरा-चौथा बरोबर पडेल आणि पाचवा शोधत बसाल. नायलॉन हवेतलं पाणी पिऊन थोडं फुगतं, म्हणून पिनेच्या भोकाचं माप त्यांनी तुकड्यावरून घेतलंच नाही, पिनेवरून घेतलं. इथंच मला कळलं की आपण बरोबर दारात आलोय.

माझी मागणी सरळ होती: सगळं लोखंडात करा, पुन्हा मोडायला नको. मेस्त्रींनी चष्मा कपाळावर सरकवला. "करून देतो की, मला काय. पण मग उद्या केबल तुटंल. केबल न्हाई तुटली तर बॉक्सातला लिव्हर वाकंल. ह्यातलं कुठलं परवडतंय, बोला."

मी गप्प बसलो आणि काम त्यांच्या मनासारखं झालं. बेलक्रँक ॲल्युमिनियमच्या पट्टीतनं मिलिंग करून काढली. पिनेसाठी गनमेटलचा बुश, म्हणजे पिन ज्यात फिरते ती नळी, ठोकला. केबलीचा गोळा ज्यात बसतो ती वाटी मात्र मुद्दाम डेलरिनची केली. डेलरिन म्हणजे लेथवर चांगलं कापलं जाणारं कडक प्लास्टिक, नायलॉनपेक्षा फार कमी पाणी पिणारं. जोर फारच झाला तर ही वाटी आधी जाईल, बाकीचं वाचेल. वाट्या दोन जास्तीच्या करून दिल्या आणि सांगितलं, डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून ठेवा. सगळे मिळून पाच हजार आठशे रुपये घेतले.

बसवल्यावर पहिल्यांदा दांडा डावीकडं कलला. तो दोष कामाचा नव्हता. बॉक्स न्यूट्रलमध्ये ठेवून, दांडा सरळ धरून केबलीचा क्लॅम्प पुन्हा आवळावा लागतो, ते पुतण्यानं केलं. मग वाघबीळवरून पन्हाळ्याला गेलो. घाटाच्या वळणांवर दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा नुसता खेळ. आधी दांड्यात जो लोण्यातनं सुरी गेल्यागत मऊपणा होता तो गेला, आता प्रत्येक गिअर टक्‌ करून बसतो. खरं सांगायचं तर कंपनीच्या तुकड्यापेक्षा मला हेच आवडलं.

आता कापलेला अर्धा. गाडी जागेवर चालू असताना दांड्यातनं बारीक किणकिण यायला लागली, धातू म्हटलं की ते आलंच. मेस्त्रींनी नायलॉनचा पातळ वायसर घालून ती बरीच कमी केली, पण रेडिओ बंद असला की ऐकू येतेच. ॲल्युमिनियमवर कटरचे ओरखडे तसेच ठेवलेत. कन्सोलखाली कोण बघतंय हे त्यांचं म्हणणं बरोबर असलं तरी, एक हात पॉलिश मारायला काय जात होतं? पक्कं बिल मिळत नाही, वहीच्या पानावर आकडा मिळतो. आणि साखर कारखान्यांचा हंगाम सुरू असेल तर तुमची स्पोर्ट्स कार रांगेत सगळ्यात शेवटी. माझ्यापुढं एका गुऱ्हाळाच्या चरकाचा बुश होता, तो आधी झाला. मी गुळाचाच माणूस, तक्रार कुठल्या तोंडानं करू?

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्या. १९९७ मध्ये फेरारीनं एफ-३५५ ला स्टिअरिंगमागं पॅडल, म्हणजे बोटानं गिअर बदलायच्या पट्ट्या, दिले आणि तिथून पुढं ह्या वर्गातल्या गाड्यांतला हाताचा दांडा हळूहळू दिसेनासा झाला. तुमची गाडी पॅडलची असेल तर तिथं हायड्रॉलिक पंप, व्हॉल्व्ह, सेन्सर ही सगळी वेगळी दुनिया. लॅपटॉप लावल्याशिवाय दोष कळत नाही. ते काम मेस्त्री घेत नाहीत, आणि तसं पहिल्याच वाक्यात सांगून टाकतात.

जाताना अख्खी गाडी नेऊ नका. गल्लीत टेंपो लागलेले असतात आणि खाली बसलेली गाडी तिथल्या खड्ड्यांत घासते. सांगाडा सोडवून न्या, मोडलेला प्रत्येक कपचा सोबत ठेवा, आणि केबलीचं टोकसुद्धा दाखवा. ते नसेल तर मेस्त्री कामाला हातच लावत नाहीत.