फोटोशॉपचं 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल': फोटोंसाठी उत्तम, अक्षरांसाठी नको

छपाईसाठी फाइल आरजीबीतून (पडद्याचे लाल, हिरवा, निळा) सीएमवायकेत (छपाईच्या सायन, मॅजेंटा, पिवळी, काळी या चार शाया) न्यायची म्हटली की बरेच जण इमेज मेनूत जाऊन मोड बदलतात आणि मोकळे होतात. तिथे फोटोशॉप कलर सेटिंग्जमधलं प्रोफाइल, म्हणजे अमुक शाई-कागदावर रंग कसे उतरतात याचं वर्णन, परस्पर लावून टाकतं. ते बरेचदा 'यू. एस. वेब कोटेड स्वॉप व्ही२' असतं, म्हणजे कोटेड (लेप दिलेल्या) कागदावरच्या वेब ऑफसेटचं, रिळावरच्या छपाईचं. काम कोटिंग नसलेल्या कागदावर असेल तर शाईचा सगळा हिशोब चुकतो.

त्यापेक्षा एडिट मेनूतलं कन्व्हर्ट टू प्रोफाइल कितीतरी चांगलं. छापखान्याकडून त्यांच्या छपाईचं आयसीसी प्रोफाइल (प्रमाणित स्वरूपातली प्रोफाइलची फाइल) मागून घ्या, डेस्टिनेशनमध्ये तेच निवडा, ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (सर्वात गडद काळा नव्या प्रोफाइलच्या काळ्याशी जुळवणं) चालू ठेवा आणि प्रिव्ह्यू बघत इंटेंट, म्हणजे न छापता येणाऱ्या रंगांचं काय करायचं ती पद्धत, ठरवा. रिलेटिव्ह कलरिमेट्रिकमध्ये छापता येणारे रंग जवळपास तसेच राहतात, न छापता येणारे तेवढे मर्यादेच्या कडेला येतात. बहुतेक फोटोंना हेच लागू पडतं. भडक लाल भागातले बारकावे सपाट झाले तर पर्सेप्च्युअल (सगळे रंग थोडे थोडे आवळून त्यांच्यातला फरक राखणारा इंटेंट) लावून बघा. शेजारच्या असाइन प्रोफाइलला मात्र हात लावू नका. त्याने आकडे तेच राहतात, दिसणं बदलतं.

निळ्या रंगावर लक्ष हवंच. आरजीबीतला 0, 0, 255 हा निळा स्वॉपमध्ये सायन 88, मॅजेंटा 77 होतो आणि कागदावर जांभळा उतरतो. मॅजेंटा सायनपेक्षा निदान 30 टक्क्यांनी कमी करावा.

खरी अडचण काळ्या अक्षरांची. आरजीबीतला पूर्ण काळा स्वॉपमध्ये 75, 68, 67, 90 टक्के असा चार शायांच्या चार प्लेटांवर वाटला जातो. रजिस्ट्रेशन (प्लेटा एकमेकींवर नेमक्या बसणं) केसभर हललं तरी बारीक टाइपाच्या कडेला रंगीत झालर दिसते. म्हणून मजकूर इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्येच, फक्त 100 टक्के काळ्यात, ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता त्यावरच छापणं) ठेवून लावा.

काळ्याच्या या चार आकड्यांची बेरीज 300 टक्के होते. एकूण शाई कागदाला झेपेल त्याहून जास्त झाली तर ती वाळत नाही, वरच्या शीटच्या पाठीला लागते. कन्व्हर्टच्या खिडकीत ही बेरीज दिसत नाही, ही मोठी उणीव. इन्फो पॅनेलमध्ये टोटल इंक लावून सर्वात गडद जागी कर्सर फिरवावा लागतो.

लेयर्स असतील तर आधी फ्लॅटन करा (सगळे एकत्र करा), नाहीतर मल्टिप्लाय, स्क्रीनसारखे ब्लेंड मोड (लेयर एकमेकांत मिसळायच्या पद्धती) वेगळे दिसतात. आणि हे सगळं फाइलच्या प्रतीवर करा: सीएमवायकेतून परत आरजीबीत आणलं तरी गेलेले रंग परत येत नाहीत.