सभागृहातील कोचिंग आणि निसर्गातील कोचिंग

कामाच्या ठिकाणी संघाला कोचिंग, म्हणजे संवादातून मार्गदर्शन, करताना उद्दिष्टे ठरवणे, कामाची फेरवाटणी करणे किंवा गोपनीय मूल्यमापनावर बोलणे यांसाठी सभागृहच सोयीचे आहे, कारण फळा, आकडेवारी आणि एकांत तेथे हाताशी असतात. मात्र कोण कोठे बसतो येथपासूनच तेथे अधिकाराची उतरंड सुरू होते आणि कनिष्ठ सहकारी बहुधा गप्प राहतात.

निसर्गात हे चित्र बदलते. शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी १९४१ मध्ये वेल्समध्ये सहकाऱ्यांसह आउटवर्ड बाउंड या निसर्गात साहसी प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेची सुरुवात केली, तिच्या मुळाशी प्रत्यक्ष अनुभवातून शिकण्याचा विचार होता. नकाशा वाचून वाट शोधताना कोण ऐकून घेतो, कोण घाई करतो आणि मागे पडलेल्यासाठी कोण थांबतो हे सर्वांनाच दिसते. शिवाय शेजारी चालताना नजरेला नजर द्यावी लागत नसल्याने अवघड गोष्टही बोलता येते. स्टॅनफर्डमधील २०१४ च्या अभ्यासात चालताना अधिक कल्पना सुचल्याचे आढळले, परंतु खोलीतील ट्रेडमिलवरही तसेच घडले, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे.

संघात न बोललेला ताण असेल, तर मी निसर्गच निवडेन. मात्र वाट प्रत्येकाला झेपणारी असावी आणि परतल्यावर त्या अनुभवावर सविस्तर चर्चा व्हावी, अन्यथा ती केवळ सहल ठरते.