'न वापरलेली कर्जमर्यादा' वाचून मी फसलो

ज्या कंपनीच्या शेअरमध्ये माझी निम्मी बचत बुडाली, तिचा वार्षिक अहवाल मी शेअर घेण्याआधी वाचला होता. दीर्घ मुदतीचं कर्ज मागच्या वर्षापेक्षा बरंच कमी दिसत होतं. अध्यक्षांच्या पत्रात ठळक अक्षरांत लिहिलं होतं की बँकांनी मंजूर केलेल्या मर्यादेपैकी निम्मी अजून वापरलेलीच नाही. अडचण आलीच तर पैसा हाताशी आहे, असं मी धरून चाललो. दीड वर्षात कंपनीचे हप्ते थकले आणि त्या निम्म्या मर्यादेतला एक रुपयाही कुणी देईना.

सगळ्यात जास्त लागतं ते हे की अहवालातला एकही आकडा खोटा नव्हता.

कर्ज फिटलं नव्हतं. त्यातला मोठा भाग पुढच्या 12 महिन्यांत फेडायचा असल्यामुळे तो 'चालू देणी' या सदरात गेला होता. नियमच तसा आहे. पण पत्रात 'दीर्घ मुदतीचं कर्ज घटलं' एवढंच होतं, ते गेलं कुठे याचा उल्लेख नव्हता. त्यात पुरवठादारांची बिलं बँक लगेच चुकती करायची आणि कंपनी बँकेला काही महिन्यांनी पैसे द्यायची. हे कर्जच की! ताळेबंदात मात्र ते 'व्यापारी देणी', म्हणजे पुरवठादारांची उधारी, म्हणून बसलं होतं. जानेवारी 2018 मध्ये ब्रिटनमधली कॅरिलियन ही बांधकाम कंपनी कोसळली तेव्हाही अशीच बँकेची देणी कर्जाबाहेर दाखवल्याचं पुढे आलं होतं. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार अशा व्यवस्थांची रक्कम वेगळी सांगणं 2024 पासून सक्तीचं झालं. माझी खरेदी त्याआधीची.

खरा घात मर्यादेने केला. अहवालात मागे, बारीक अक्षरांतल्या टिपेत तीन गोष्टी होत्या. मर्यादेचा काही भाग फक्त हमीपत्रांसाठी होता, रोख उचलता येत नव्हता. काही भाग बँक कधीही रद्द करू शकत होती. आणि उरलेल्या भागाला अट होती: एकूण कर्ज हे व्याज, कर आणि घसारा वजा होण्यापूर्वीच्या नफ्याच्या 3.5 पटींच्या आत हवं. कंपनी तेव्हाच 3.4 पटींवर होती. म्हणजे नफा 100 असेल तर कर्ज 340, आणखी उचलता येणार जेमतेम 10. मर्यादा कितीही मोठी लिहिलेली असो! उलट नफा 97 वर आला की नवं कर्ज न घेताही अट मोडते. आमच्या कंपनीचं तेच झालं. वर्ष संपण्याआधी अट मोडली आणि बँकेला लगेच वसुलीचा हक्क मिळाला, तर ते सगळं कर्ज चालू देण्यांत दाखवावं लागतं. पुढच्या अहवालात दीर्घ मुदतीच्या कर्जापुढे जवळपास शून्य होतं.

वर्षभराचा व्याजखर्च दाखवलेल्या कर्जाने भागून पाहिला असता तरी मला शंका आली असती. व्याजाचा दर बाजारातल्या दराच्या दुप्पट निघत होता, कारण वर्षभर कर्ज जास्त असायचं आणि शेवटच्या आठवड्यात तात्पुरतं खाली आणलं जायचं. हे गणित मी शेअर बुडाल्यावर केलं.

गुंतवणूकदार विभागाला मी लेखी विचारलं. एका ओळीचं उत्तर आलं: 'सर्व माहिती टिपांमध्ये दिलेली आहे.' तुमच्याकडे एखाद्या कंपनीचा अहवाल असेल तर कर्जाची टीप आज उघडा आणि ती अट किती जवळ आली आहे, ते पाहा.