डॅनिश स्ट्रिंग क्वार्टेट : नऊ महिने कानात राहिल्यानंतर

सुरुवातीलाच सांगून टाकतो, पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण मला अजिबात नाही. घरात रागसंगीत ऐकत वाढलो, चार वर्षं तबला शिकलो आणि दहावीचं निमित्त करून सोडला. एवढंच भांडवल. गेले नऊ महिने मात्र डॅनिश स्ट्रिंग क्वार्टेट ही दोन व्हायोलिन, व्हियोला आणि चेलो वाजवणारी चौकडी जवळजवळ रोज ऐकतोय. सकाळी बसमध्ये, रात्री ओटा आवरताना आणि रविवारी दार लावून, नीट मांडी घालून. ‘प्रिझम’चे पाचही अल्बम, ‘वुड वर्क्स’, ‘लास्ट लीफ’, ‘कील रोड’ आणि पोरवयात वाजवलेल्या, कार्ल निल्सन या डॅनिश संगीतकाराच्या रचनांची रेकॉर्डिंग्ज. हेच सगळं पहिल्या आठवड्यात लिहायला बसलो असतो तर ‘शांत, सुंदर, झोपेपूर्वी उत्तम’ असं काहीतरी खरडून मोकळा झालो असतो. ते पूर्ण चुकीचं ठरलं असतं.

मंडळी कोण, तर तीन डॅनिश आणि एक नॉर्वेजियन. फ्रेडरिक ओलँड आणि रूने टॉन्सगार्ड सोरेन्सन व्हायोलिनवर, आस्ब्योर्न नॉरगार्ड व्हियोलावर (व्हायोलिनचा जरा मोठा, खालच्या सुरातला भाऊ) आणि फ्रेडरिक शोलीन चेलोवर. तिघं डॅनिश लहानपणी उन्हाळी संगीत शिबिरात भेटले, तिथे फुटबॉल आणि वाजवणं दोन्ही एकत्र चालायचं. पुढे कोपनहेगनच्या रॉयल अकादमीत टिम फ्रेडरिक्सन यांच्या हाताखाली तयार झाले आणि 2002 मध्ये कोपनहेगनमध्येच पहिल्यांदा लोकांसमोर बसले. नॉर्वेजियन चेलोवाला 2008 मध्ये आला. 2009 मध्ये त्यांनी लंडनची आंतरराष्ट्रीय क्वार्टेट स्पर्धा जिंकली आणि मग जगभर दौरे सुरू झाले. एक गोष्ट मला फार आवडली. दोन्ही व्हायोलिनवाले पहिली खुर्ची आलटून पालटून घेतात. मुख्य गवई आणि मागे साथीदार अशी ठरलेली बैठकच नाही.

माझा शिरकाव ‘लास्ट लीफ’मधून झाला आणि नवख्यानं तिथूनच आत यावं असं माझं मत आहे. 2017 चा हा अल्बम उत्तरेकडच्या लोकधुनांचा. ‘ड्रोम्टे माय एन ड्रोम’ ही त्यातली धून सुमारे 1300 च्या एका हस्तलिखिताच्या शेवटी रून या उत्तरेकडच्या जुन्या लिपीत सापडते. ‘शाइन यू नो मोअर’ रूनेनं स्वतः रचली, जॉन डाउलंडच्या एका प्रसिद्ध गाण्यावरून. हा डाउलंड इंग्लिश खरा, पण 1598 पासून काही वर्षं डेन्मार्कच्या राजाच्या पदरी ल्यूट हे तंतुवाद्य वाजवत होता. म्हणजे धून फिरून घरीच आली. डाउलंडचं गाणं अश्रूंचं आहे आणि यांनी त्याचा नाच केलाय. काही ठिकाणी हार्मोनियमही ऐकू येते. आपल्या पेटीची युरोपातली थोरली बहीण, ओळखीच्या आवाजात बोलते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बसमध्ये मागे वळून बघितलं होतं.

त्याआधीच्या ‘वुड वर्क्स’मध्ये (2014) फानो बेटावरच्या सोनरहो गावच्या लग्नाच्या धुना आहेत. डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यालगतचं हे छोटं बेट, एके काळी खलाशांचं. या धुना मी लावल्या की आई हातातलं काम थांबवते. तिला मी काही सांगितलं नव्हतं. ऐकून ती म्हणाली, “कुणाची तरी मुलगी सासरी चाललीय वाटतं.” मी गप्प बसलो.

आता मुख्य माल, ‘प्रिझम’. 2018 ते 2023 या काळात ईसीएम या रेकॉर्ड कंपनीनं काढलेले पाच अल्बम. योजना अशी : बीथोव्हेननं आयुष्याच्या शेवटी लिहिलेल्या पाच क्वार्टेटपैकी (अशा चौघांसाठीच्या रचनेलाही क्वार्टेटच म्हणतात) एकेक घ्यायची, तिच्या एका बाजूला बाखची एखादी रचना ठेवायची आणि दुसऱ्या बाजूला नंतरच्या कुणाचीतरी. बाख हा प्रकाशाचा किरण, बीथोव्हेन हा लोलक आणि पलीकडे विखुरलेले रंग म्हणजे शोस्ताकोविच, श्निटके, बार्टोक, मेंडेल्सन, वेबर्न. कागदावर वाचताना मला हे जरा प्राध्यापकी वाटलं होतं. ‘प्रिझम तीन’नं तोंड बंद केलं. बाखचा सी शार्प मायनर फ्यूग, त्याच स्वरात बीथोव्हेनच्या ओपस 131 ची (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक) सुरुवात, तीही फ्यूगनंच, आणि बार्टोकची पहिली क्वार्टेट, जी दोन व्हायोलिननं एकमेकांच्या मागे सावकाश चालत सुरू होते. फ्यूग म्हणजे एक आवाज मुखडा सांगतो, दुसरा तोच मुखडा वेगळ्या उंचीवर उचलतो, मग तिसरा, चौथा, आणि पहिला गप्प न बसता बोलतच राहतो. तीन महिने मी यातला फक्त सगळ्यात वरचा आवाज ऐकत होतो. आपल्याला सवयच ती, एक गायक आणि त्याच्यामागे बाकीचे. मग एका रविवारी हट्टानं फक्त व्हियोला ऐकायचा असं ठरवलं. सुरुवातीला तो सापडेचना. सापडला तेव्हा कळलं की भांडण लावणारा आणि मिटवणारा बऱ्याचदा हाच माणूस आहे. त्यानंतर ‘शांत’ हा शब्द मी या लोकांसाठी वापरला नाही.

‘प्रिझम चार’मधल्या ओपस 132 बद्दल जरा लांबण लावतो. 1825 च्या वसंतात बीथोव्हेन पोटाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळला होता. बरा झाल्यावर त्यानं या क्वार्टेटचा मधला संथ भाग लिहिला आणि वर लिहून ठेवलं की हे दुखण्यातून उठलेल्या माणसाचं देवाला धन्यवादाचं गाणं, लिडियन स्वरात. आता लिडियन म्हणजे काय, तर सगळे शुद्ध आणि मध्यम तेवढा तीव्र. आपला कल्याण थाट! हे समजल्यावर मी अर्थातच यमन शोधायला गेलो आणि तोंडावर आपटलो. षड्जाचा आधार नाही, आलापाची वाढ नाही, तीव्र मध्यम येतो आणि सलगी न करता निघून जातो. स्वर तेच, पण घर दुसरं. ही मंडळी तो भाग वाजवताना सूर फारसा हलवत नाहीत, गज इतका हलका ठेवतात की लाकडाचा श्वास ऐकू यावा. मधेच ‘नवी शक्ती जाणवतेय’ असा शेरा असलेला भाग येतो आणि चौघं अंगणात आल्यासारखे वाजवायला लागतात. तिथे मला ते फानो बेटावरचं लग्न आठवतं. हेच यांचं खरं वैशिष्ट्य. बीथोव्हेन वाजवतानाही यांच्या पायात नाच असतो आणि गावची धून वाजवताना ते एकही आवाज आळशी राहू देत नाहीत. अल्बममधली पुढची क्वार्टेट मेंडेल्सनची, 1827 ची. पोरगा अठरा वर्षांचा, बीथोव्हेन त्याच वर्षी गेलेला, आणि यानं त्या शेवटच्या क्वार्टेट किती पचवल्यात ते लागोपाठ ऐकलं की लपत नाही.

आता तक्रारी. पहिली, आवाजाची. यांचं हळू म्हणजे खरोखर हळू. बसमध्ये अर्धं ऐकूच येत नाही, म्हणून आवाज वाढवावा तर पुढच्या मिनिटाला चौघं कानात फटाके लावतात. पंख्याखालीसुद्धा अवघडच. प्रवासात ‘लास्ट लीफ’ आणि ‘कील रोड’ ऐकावेत, ‘प्रिझम’ला घर आणि बरे हेडफोन लागतात. दुसरी तक्रार त्यांच्याबद्दल नाही, मी वापरत होतो त्या ॲपबद्दल आहे. ओपस 131 चे सात भाग न थांबता एकातून दुसऱ्यात जातात आणि ॲप प्रत्येक सांध्यावर क्षणभर गचका देत होतं. समेच्या आधी कुणीतरी दिवा घालवावा तसं. सेटिंगमध्ये ट्रॅकमधली फट बंद करायचा पर्याय असेल तर आधी तो शोधा, नाहीतर सरळ सीडी घ्या. आणि शफल चालू ठेवून ‘प्रिझम’ ऐकू नका. जेवणात ताट सोडून मिक्सरचं भांडं वाढल्यासारखं होतं.

‘प्रिझम दोन’ला वेळ द्यावा लागतो. त्यात ओपस 130 मूळ शेवटासकट आहे. हा अजस्र ‘ग्रोसे फ्यूग’ लोकांना झेपेना, म्हणून प्रकाशकानं गळ घातली आणि बीथोव्हेननं 1826 मध्ये दुसरा सोपा शेवट लिहून दिला. प्रकाशकाची बाजू मला पहिले दोन महिने पूर्ण पटत होती. आता नाही. श्निटकेनं 1983 च्या आपल्या क्वार्टेटमध्ये याच फ्यूगचा तुकडा उचललाय, त्यामुळे अल्बम सलग ऐकला तर दोन्ही एकमेकांना उलगडतात.

‘कील रोड’ (2024) चांगला आहे, आयरिश आणि इंग्लिश धुनाही आहेत, पण ‘लास्ट लीफ’ची पहिली चकित करणारी चव त्यात मला मिळाली नाही. जुनी निल्सनची रेकॉर्डिंग्ज तरुण, जरा तापट, आवडून घ्यावीत अशी. मैफल प्रत्यक्ष ऐकायचा योग आलेला नाही, त्यामुळे त्याबद्दल बोलत नाही.

एक काम मात्र अजून राहिलंय. ‘प्रिझम एक’मधली शोस्ताकोविचची पंधरावी, 1974 ची, त्याची शेवटची क्वार्टेट. सहा भाग आणि सहाही अदाजिओ, म्हणजे संथ. तीनदा लावली, तीनदा दुसऱ्या भागात बंद केली. तिथे एकेका वाद्याचा सूर शून्यातून उगवून किंचाळीपर्यंत चढतो, एकामागून एक. दिवसा ऐकायला धजत नाही आणि रात्री आई विचारते, हे काय लावलंयस, ते लग्नाचं लाव.